२५ क्लब, सहा खंड आणि १०१ दिवसांचा तुरुंग: बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरलेला गोलकीपर लुट्झ फानेनश्टील

२००८ साली ऑलिव्हर कानने फुटबॉलमधून निवृत्ती घेतली. सलग १४ वर्षं त्याने बायर्न म्युनिक या एकाच क्लबचा गोल सांभाळला होता. त्याच्या निरोपाची जर्मनीत मोठी चर्चा झाली आणि ती साहजिकही होती.

त्याच वर्षी जर्मनीचाच आणखी एक गोलकीपर ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यातल्या इबिरामा नावाच्या छोट्या गावात पोहोचला होता. वय पस्तिशीच्या आसपास, क्लबचं नाव हर्मन आयशिंगर. या क्लबची जर्सी घालून तो मैदानात उतरला आणि त्याच्या नावावर एक विक्रम जमा झाला. फिफाच्या सहाही खंडीय महासंघांत व्यावसायिक फुटबॉल खेळलेला तो जगातला पहिला खेळाडू ठरला.

त्याचं नाव लुट्झ फानेनश्टील.

हा माणूस वर्ल्ड कप खेळला नाही. जर्मनीच्या सीनियर संघात त्याला कधी जागा मिळाली नाही. बुंडेसलीगा किंवा प्रीमियर लीगमधला एकही सामना त्याच्या नावावर नाही. तरीही त्याच्या करिअरमध्ये मलेशियापासून नामिबियापर्यंतचे २५ क्लब आहेत, सिंगापूरचा तुरुंग आहे, इंग्लंडच्या मैदानावर थांबलेला श्वास आहे आणि न्यूझीलंडमधला एक पेंग्विनसुद्धा आहे.

किस्से भन्नाट आहेतच. पण एखाद्या गोलकीपरला असं आयुष्यभर गावोगाव का फिरावं लागतं, हे समजून घ्यायचं असेल तर त्याच्यासारखं दुसरं उदाहरण सापडणार नाही.

सहा महासंघ म्हणजे नेमकं काय?

जगभरातल्या फुटबॉलचा कारभार फिफा पाहते, पण प्रत्येक खंडासाठी वेगळा महासंघ आहे. युरोपचा यूएफा, आशियाचा एएफसी, आफ्रिकेचा सीएएफ, उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन देशांचा कॉन्ककॅफ, दक्षिण अमेरिकेचा कॉन्मेबॉल आणि न्यूझीलंडसह पॅसिफिक बेटांचा ओएफसी. भारत एएफसीमध्ये येतो.

फानेनश्टीलने हे सहा महासंघ कसे पूर्ण केले, ते पाहा:

- आशिया: मलेशियातला पेनांग आणि सिंगापूरचा गेलांग युनायटेड
- युरोप: जर्मनी, इंग्लंड, फिनलंड, नॉर्वे आणि अल्बानियातले क्लब
- आफ्रिका: दक्षिण आफ्रिकेचा ऑर्लँडो पायरेट्स आणि नंतर नामिबियाचा रॅम्ब्लर्स
- ओशेनिया: न्यूझीलंडमधले डनेडिन टेक्निकल आणि ओटागो युनायटेड
- उत्तर अमेरिका: कॅनडातले कॅलगरी मस्टँग्ज आणि व्हँकूव्हर व्हाइटकॅप्स
- दक्षिण अमेरिका: ब्राझीलचा हर्मन आयशिंगर

या यादीत रेआल माद्रिद किंवा लिव्हरपूल नाही. बहुतेक क्लब असे आहेत की त्यांची नावं त्या देशाबाहेर फारशी कुणाला माहीत नसतात. फुटबॉलची खरी दुनिया बऱ्याच अंशी अशाच क्लबांची असते, टीव्हीवर दिसतो तो तिचा वरचा थर.

गोलकीपरच जास्त का भटकतो?

याचं उत्तर साध्या गणितात आहे. संघात ११ खेळाडू असतात, त्यात गोलकीपर एकच. मिडफिल्डर चांगला असेल तर प्रशिक्षक त्याला डावीकडे, उजवीकडे, थोडं पुढे कुठेतरी सामावून घेऊ शकतो. सामन्याच्या शेवटच्या २० मिनिटांसाठी बदली खेळाडू म्हणून उतरवू शकतो. गोलकीपरच्या बाबतीत ही सोय नाही. पहिल्या पसंतीचा गोलकीपर जखमी झाला नाही किंवा त्याला रेड कार्ड मिळालं नाही, तर दुसरा पूर्ण सीझन बेंचवर बसून काढतो. तिसऱ्याला तर बऱ्याचदा बेंचवरही जागा नसते.

वर्ल्ड कपसाठी प्रत्येक देशाला संघात किमान तीन गोलकीपर न्यावे लागतात. त्यातले दोघे अनेकदा एक मिनिटही न खेळता परत येतात.

क्रिकेट पाहणाऱ्यांना हे लगेच कळेल. धोनीच्या काळात पार्थिव पटेल आणि दिनेश कार्तिक यांचं काय झालं, ते आठवा. दोघेही चांगले विकेटकीपर, दोघेही धोनीच्या आधी भारतीय संघात आलेले. पण जागा एकच होती आणि ती धोनीने घेतली. आयपीएलमध्ये हे दोघेही प्रत्येकी सहा संघांच्या जर्सीत दिसले. कार्तिक निदान फलंदाज म्हणून तरी संघात बसू शकायचा. फुटबॉलच्या गोलकीपरकडे तोही पर्याय नसतो.

मग 'चांगला, पण सर्वोत्तम नाही' अशा गोलकीपरसमोर दोन रस्ते उरतात.

पहिला रस्ता मोठ्या क्लबच्या बेंचवर बसण्याचा. इंग्लंडचा स्कॉट कार्सन हे त्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. २००५ मध्ये लिव्हरपूलने इस्तंबूलमध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हा तो बेंचवर होता. २०२३ मध्ये मँचेस्टर सिटीने तीच स्पर्धा जिंकली तेव्हाही तो संघात होता, तिसरा गोलकीपर म्हणून. सिटीकडे तो २०१९ मध्ये आला, पण लीगमध्ये त्याला पहिल्यांदा खेळायला मिळालं मे २०२१ मध्ये, तेही सिटीचं विजेतेपद पक्कं झाल्यावर. पगार चांगला, पदकं भरपूर, पण मैदानावरचा वेळ मोजून काही मिनिटं.

दुसरा रस्ता ग्लोव्ह्ज बॅगेत टाकून, जो कुणी पहिल्या पसंतीची जागा देईल त्याच्याकडे जाण्याचा. फानेनश्टीलने हा रस्ता विसाव्या वर्षीच निवडला.

बायर्न सोडून पेनांग

फानेनश्टीलचा जन्म १२ मे १९७३ चा, झ्वीझेलचा. बव्हेरियाच्या जंगलात, चेक सीमेजवळ असलेलं हे गाव काचकामासाठी प्रसिद्ध आहे. जवळच्या बाड कोट्झटिंगच्या क्लबकडून तो मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये आला. त्याआधी जर्मनीच्या १७ वर्षांखालील संघातही खेळला होता, म्हणजे गुणवत्ता होती.

त्याच्या सांगण्यानुसार, बायर्न म्युनिकच्या दुय्यम संघाकडून त्याला बोलावणं आलं होतं. बव्हेरियातल्या कुठल्याही पोरासाठी ही स्वप्नातली गोष्ट. पण तिथे गेलो तर मुख्य संघाच्या गोलकीपरमागे रांगेत उभं राहावं लागणार, हे त्याला दिसत होतं. त्याला खेळायचं होतं आणि फुटबॉलवर पोट भरायचं होतं. म्हणून त्याने मलेशियाच्या पेनांगचा करार स्वीकारला.

तेव्हा हा वेडेपणा वाटला असेल. पण १९९४ मध्ये बायर्नने कार्ल्सरूहेकडून ऑलिव्हर कानला आणलं आणि पुढची १४ वर्षं बायर्नच्या बाकीच्या गोलकीपरांना किती संधी मिळाली असेल, याचा अंदाज कुणीही बांधू शकतो. फानेनश्टील तिथे थांबला असता तर कदाचित श्रीमंत झाला असता, पण खेळला फार कमी असता.

मलेशियानंतर तो इंग्लंडला गेला. विम्बल्डन आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट या तेव्हाच्या नावाजलेल्या क्लबांशी त्याचा करार झाला, पण तिथे तो मुख्य संघापर्यंत पोहोचला नाही. गणित पुन्हा तेच: जागा एक, उमेदवार चार.

याच काळात युरोपात एक मोठा बदल झाला. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने बेल्जियमचा खेळाडू जाँ-मार्क बोसमान याच्या खटल्यात निकाल दिला. युरोपीय संघातल्या खेळाडूचा करार संपला की जुना क्लब त्याच्यासाठी पैसे मागू शकणार नाही आणि एका देशाच्या क्लबमधल्या दुसऱ्या सदस्य देशांच्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा घालता येणार नाही, असं ठरलं. मोठ्या स्टार्सचे पगार या निकालानंतर वाढले, हे नेहमी सांगितलं जातं. छोट्या खेळाडूंसाठी त्याचा अर्थ वेगळा होता. करार संपला की बॅग उचलून पुढच्या देशात जाणं सोपं झालं. पण क्लबलाही त्यांना धरून ठेवण्याचं कारण उरलं नाही.

फानेनश्टील नंतर दक्षिण आफ्रिकेत सोवेटोच्या ऑर्लँडो पायरेट्सकडे गेला, जो १९९५ मध्ये आफ्रिकेचा विजेता ठरलेला क्लब होता. फिनलंडमध्येही खेळला. आणि मग आलं सिंगापूर.

सिंगापूरचे १०१ दिवस

सिंगापूरमध्ये त्याचं बस्तान चांगलं बसलं होतं. गेलांग युनायटेड हा तिथल्या एस-लीगमधला मोठा क्लब आणि फानेनश्टील त्याचा पहिल्या पसंतीचा गोलकीपर. पण त्याच्यावर मॅच फिक्सिंगचा आरोप झाला, न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं आणि पाच महिन्यांची शिक्षा सुनावली. त्यातले १०१ दिवस त्याने तुरुंगात काढले.

फानेनश्टीलने हा आरोप कायम नाकारला आहे. एका ओळखीच्या माणसाने येणाऱ्या सामन्यांबद्दल विचारलं आणि आपण सहज, आम्ही जिंकू अशा अर्थाचं काहीतरी बोललो, एवढंच घडलं, असं तो सांगतो. ज्या सामन्यांवरून शिक्षा झाली त्यात आपण खराब खेळलोच नव्हतो, असंही त्याचं म्हणणं आहे. न्यायालयाने मात्र त्याची बाजू मान्य केली नाही.

इथे दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

पहिली म्हणजे त्या भागातलं वातावरण. १९९० च्या दशकाच्या मध्यात मलेशियाच्या लीगमध्ये फिक्सिंगचं मोठं प्रकरण उघडकीस आलं होतं आणि कितीतरी खेळाडूंची चौकशी झाली होती. सिंगापूरचा संघ तोपर्यंत मलेशियाच्याच स्पर्धांमध्ये खेळायचा. १९९४ चा सीझन संपल्यावर तो बाहेर पडला आणि १९९६ मध्ये एस-लीग ही स्वतःची लीग सुरू झाली. ही लीग स्वच्छ ठेवणं सिंगापूरसाठी प्रतिष्ठेचा प्रश्न होता, त्यामुळे तपास यंत्रणा कडक होत्या.

दुसरी गोष्ट म्हणजे सट्टा चालतो कसा. आशियात लोकप्रिय असलेल्या हँडिकॅप सट्ट्यात नुसतं कोण जिंकलं यावर पैसे लागत नाहीत, किती गोलांच्या फरकाने जिंकलं यावर लागतात. समजा, बलाढ्य संघाने किमान दोन गोलांनी जिंकायचं, अशी अट आहे. तो संघ १-० ने जिंकला तर सामना जिंकूनही त्याच्यावर पैसे लावणारे हरतात. त्यामुळे अशा प्रकरणांत 'आम्ही तर जिंकलो होतो' एवढं सांगून सुटका होत नाही. शिवाय संघाच्या आतली माहिती देणं हाही आज गंभीर गुन्हा मानला जातो आणि असा कुणी संपर्क साधला तर लगेच कळवणं खेळाडूवर बंधनकारक असतं.

गोलकीपर या संशयाच्या सगळ्यात जवळ उभा असतो. स्ट्रायकरने सोपी संधी घालवली तर लोक त्याला नशीब म्हणतात. गोलकीपरच्या हातातून बॉल निसटला तर शंका घेतात. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलचा माजी गोलकीपर ब्रूस ग्रोबेलार आणि विम्बल्डनचा गोलकीपर हान्स सेगर्स यांच्यावरही फिक्सिंगच्या कटाचा खटला चालला होता. ते १९९७ मध्ये त्यातून सुटले, पण तोवर दोघांच्याही करिअरचं व्हायचं ते नुकसान झालं होतं.

आणि परदेशी, फिरस्त्या खेळाडूची अडचण आणखी मोठी. तो देश त्याचा नाही, कायदा ओळखीचा नाही, पाठीशी मोठा क्लब नाही. तुरुंगात जमिनीवर झोपावं लागलं आणि वजन खूप घटलं, असं फानेनश्टीलने नंतर मुलाखतींमध्ये सांगितलं आहे. दोषी ठरल्यामुळे फुटबॉलमधलं त्याचं नावही खराब झालं होतं.

न्यूझीलंड, दोन सीझन आणि एक पेंग्विन

तुरुंगातून सुटल्यावर त्याला जागा दिली न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडच्या डनेडिन शहराने. डनेडिन टेक्निकल हा अगदी स्थानिक पातळीवरचा क्लब. पण तिथून त्याचं फुटबॉल पुन्हा सुरू झालं.

इथेच त्याने फिरस्त्या खेळाडूंची एक युक्ती पुरेपूर वापरली. पृथ्वीच्या दोन गोलार्धांत ऋतू उलटे असतात, त्यामुळे फुटबॉलचे सीझनही जुळत नाहीत. कॅनडा आणि नॉर्वेमध्ये हिवाळ्यात बर्फ पडतो म्हणून तिथला सीझन साधारण वसंतापासून शरद ऋतूपर्यंत चालतो. त्याच्या ओटागो युनायटेडच्या काळात न्यूझीलंडची राष्ट्रीय लीग तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे उत्तर गोलार्धात थंडी असताना व्हायची. एकीकडचा सीझन संपवून विमान पकडलं की दुसरीकडे वर्षभर काम मिळू शकत होतं. आता फिफाच्या नियमानुसार खेळाडू एका सीझनमध्ये जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी करू शकतो आणि साधारणपणे त्यातल्या दोनच क्लबांकडून अधिकृत सामने खेळू शकतो. त्यामुळे ही उडी पूर्वीइतकी सोपी राहिलेली नाही.

पेंग्विनचा किस्सा याच शहरातला. डनेडिनच्या किनाऱ्यावर पेंग्विन येतात. फानेनश्टीलने एकदा त्यातला एक उचलून घरी नेला आणि बाथटबमध्ये ठेवला, हे त्याने स्वतःच सांगितलं आहे. न्यूझीलंडमध्ये पेंग्विन कायद्याने संरक्षित आहेत आणि हे प्रकरण थेट देशाबाहेर हाकललं जाण्यापर्यंत जाऊ शकतं, हे कळल्यावर त्याने तो परत नेऊन सोडला. सोशल मीडियावर हा किस्सा गमतीने फिरतो, पण संरक्षित प्राण्याला घरी नेणं हा गुन्हाच आहे, हे विसरायला नको.

श्वास तीनदा थांबला

२६ डिसेंबर २००२. इंग्लंडमध्ये नाताळच्या दुसऱ्या दिवशी फुटबॉलचे सामने खेळवण्याची जुनी परंपरा आहे. फानेनश्टील तेव्हा ब्रॅडफर्ड पार्क अव्हेन्यू या खालच्या विभागातल्या क्लबकडून खेळत होता, समोर हॅरोगेट टाउन.

सामन्यात प्रतिस्पर्धी स्ट्रायकर आणि फानेनश्टील एकाच बॉलवर धावले. स्ट्रायकरचा गुडघा त्याच्या छातीवर आदळला आणि त्याचा श्वास थांबला. क्लबच्या फिजिओने मैदानावरच तोंडाने श्वास देऊन त्याला परत आणलं. श्वास पुन्हा थांबला. असं तीनदा झालं. सामना तिथेच थांबवण्यात आला आणि त्याला हॉस्पिटलमध्ये हलवण्यात आलं. तो वाचला आणि पुन्हा खेळलाही.

प्रीमियर लीगच्या मैदानावर डॉक्टर, पॅरामेडिक आणि ॲम्ब्युलन्स तयार असते. खालच्या विभागांत अनेकदा सगळी मदार एका फिजिओवर असते. त्या दिवशी तो फिजिओ काही सेकंद उशिरा पोहोचला असता तर पुढची सगळी गोष्ट घडलीच नसती.

गोलकीपरसाठी अशी धडक हा कामाचाच भाग असतो. २००६ मध्ये चेल्सीच्या पेत्र चेकच्या कवटीला अशाच धडकेत फ्रॅक्चर झालं आणि त्यानंतर निवृत्तीपर्यंत तो हेडगार्ड घालून खेळला. भारतातली आठवण याहून दुःखद आहे. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूत फेडरेशन कपची फायनल सुरू होती. गोव्याच्या डेम्पो क्लबचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर दुसरा गोल करताना मोहन बगानचा गोलकीपर सुब्रत पाल याच्याशी धडकला, खाली कोसळला आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. भारतीय फुटबॉलमध्ये मैदानावरच्या वैद्यकीय सुविधांवर त्यानंतर जोरात चर्चा झाली.

या भटकंतीत पैसा किती असतो?

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, जग फिरायला मिळतंय, वर पगारही मिळतोय. वास्तव बरंच कोरडं आहे.

खेळाडूंची जागतिक संघटना फिफप्रोने २०१६ मध्ये ५४ देशांतल्या सुमारे १४ हजार व्यावसायिक फुटबॉलपटूंची पाहणी केली होती. त्यातल्या ४५ टक्के खेळाडूंची कमाई महिन्याला एक हजार डॉलरपेक्षाही कमी होती. ४१ टक्के खेळाडूंचा पगार आधीच्या दोन वर्षांत कधी ना कधी उशिरा झाला होता.

फानेनश्टील खेळला ती बहुतेक ठिकाणं याच जगातली. करार काही महिन्यांचा. देश बदलताना दर वेळी आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट, व्हिसा, वर्क परमिट यांची धावाधाव. नवी भाषा, नवं घर. गोलकीपरसाठी भाषेचा प्रश्न तर आणखीच महत्त्वाचा, कारण समोरच्या बचावपटूंना सतत ओरडून सूचना देणं हे त्याचं अर्धं काम असतं. 'बाहेर या', 'मागे कुणी आहे', 'सोडा, माझा बॉल' एवढं तरी दर नव्या देशात पहिल्याच आठवड्यात शिकावं लागतं.

मग हे लोक थांबत का नाहीत? एक कारण म्हणजे गोलकीपरचं वय उशिरा संपतं. इजिप्तचा इसाम अल हदारी २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये खेळला तेव्हा ४५ वर्षांचा होता. जियानलुइजी बुफॉनही २०२३ मध्ये, पंचेचाळिशीतच निवृत्त झाला. पस्तिशीतल्या गोलकीपरला अजून पाच वर्षं हातात आहेत असं वाटत राहतं आणि कुठल्या तरी देशातला कुठला तरी क्लब फोन करतोच.

असे आणखी कोण?

इंग्लंडचा जॉन बरिज हा या जमातीचा आधीच्या पिढीतला म्होरक्या. तो २९ क्लबांकडून खेळला. १९९५ मध्ये मँचेस्टर सिटीकडून मैदानात उतरला तेव्हा तो ४३ वर्षांचा होता आणि प्रीमियर लीगमधला सगळ्यात वयस्कर खेळाडू ठरला. पुढे ओमानमध्ये प्रशिक्षक असताना अली अल हब्सीची गुणवत्ता त्याने हेरली. हाच हब्सी नंतर प्रीमियर लीगमध्ये खेळला.

उरुग्वेचा सेबास्टियन अब्रेउ हा गोलकीपर नाही, स्ट्रायकर आहे. २०१७ मध्ये चिलीच्या औदाक्स इतालियानोकडे गेल्यावर त्याच्या क्लबांची संख्या २६ झाली आणि त्याने फानेनश्टीलला मागे टाकलं.

भारतात सुब्रत पालकडे पाहता येईल. मोहन बगान, ईस्ट बंगाल, पुणे एफसी, मुंबई सिटी, पुण्याचाच डीएसके शिवाजियन्स, जमशेदपूर अशा अनेक क्लबांकडून तो खेळला. २०११ च्या आशिया कपमध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध त्याने केलेले बचाव आजही आठवले जातात. भारत तो सामना १-४ ने हरला, पण पाल नसता तर आकडा फार मोठा झाला असता. २०१४ मध्ये तो डेन्मार्कच्या वेस्टश्येलंड क्लबकडेही गेला होता.

भटकंतीचीच झाली पदवी

फानेनश्टील २००९ मध्ये नामिबियाच्या रॅम्ब्लर्सकडे पोहोचला. तिथे तो खेळायचा आणि शिकवायचाही. त्याच वर्षी त्याचं आत्मचरित्र जर्मनीत प्रसिद्ध झालं. हवामान बदलाबद्दल जागृती करण्यासाठी त्याने माजी फुटबॉलपटूंना जमवून ग्लोबल युनायटेड नावाची संस्थाही उभी केली.

आणि मग एक गंमत झाली. ज्या बुंडेसलीगामध्ये तो कधी खेळू शकला नाही, तिथल्याच क्लबला त्याची गरज पडली. २०११ मध्ये हॉफनहाइमने त्याला स्काउटिंग आणि आंतरराष्ट्रीय संबंधांच्या कामासाठी घेतलं. स्काउट म्हणजे नवे खेळाडू हेरणारा माणूस. आता विचार करा, या कामाला यापेक्षा चांगला उमेदवार कोण? ब्राझीलच्या छोट्या गावातलं फुटबॉल कसं असतं, आफ्रिकेतल्या लीगमध्ये कुणाला फोन करायचा, वीस वर्षांचा मुलगा परक्या देशात एकटा पडला तर काय होतं, हे सगळं त्याने स्वतः अनुभवलं होतं. जी धरसोड म्हणून लोकांना खटकली असती, तीच आता अनुभवाच्या रकान्यात आली.

हॉफनहाइमनंतर डिसेंबर २०१८ मध्ये तो फोर्टुना ड्युसेलडॉर्फचा क्रीडा संचालक झाला. तिथला काळ सोपा नव्हता. २०२० मध्ये क्लब बुंडेसलीगातून खाली घसरला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात नव्याने उभ्या राहणाऱ्या एमएलएस क्लबने त्याला क्रीडा संचालक केलं. तेव्हा या क्लबकडे एकही खेळाडू नव्हता. सगळा संघ शून्यातून बांधायचा होता.

सेंट लुईस सिटीने २०२३ मध्ये पहिला सीझन खेळला. लीगमध्ये नव्याने आलेल्या संघाने पहिले पाचही सामने जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. सीझनच्या शेवटी हा संघ वेस्टर्न कॉन्फरन्समध्ये अव्वल ठरला. प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत तो बाहेर पडला, पण नव्या क्लबसाठी ही कामगिरी थक्क करणारी होती. २०२४ मध्ये फानेनश्टीलने क्लब सोडला.

संघ बांधताना त्याने सुरुवातीला करारबद्ध केलेल्या मोठ्या नावांपैकी एक होता बोरुसिया डॉर्टमुंडचा स्विस गोलकीपर रोमान ब्युर्की. डॉर्टमुंडमध्ये ब्युर्कीची पहिल्या पसंतीची जागा गेली होती आणि तो बेंचवर बसून होता. सेंट लुईसमध्ये त्याला ती जागा पुन्हा मिळाली आणि २०२३ मध्ये तो एमएलएसचा सर्वोत्तम गोलकीपर ठरला. बेंचवर बसलेल्या गोलकीपरला कशाची भूक असते, हे त्याला घेणाऱ्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.